विचारलं तेवढंच

मध्या, तू गेलास त्याच्या आदल्या दुपारी मी तुझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलो होतो. वहिनी जेवायला घरी गेल्या होत्या आणि तुझ्याजवळ कुणीतरी असावं म्हणून त्यांनी मला बसवलं होतं. त्या दुपारबद्दल इथे जे लिहिलं आहे ते त्या खुर्चीतून पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. वैद्यकातलं मला काही कळत नाही. ऐकू मात्र नीट येतं. बातमीदारीत तेवढ्यावरच दिवस काढले.

हा लेख तुझ्या मुलाने मागितला. शोकसभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी कौस्तुभ घरी आला आणि म्हणाला, "काका, बाबांवर तुम्हीच लिहा. त्यांनी टीम कशी बांधली ते लोकांना कळू द्या." मथळाही त्यानेच सुचवला. देवमाणूस. त्यातला देव तुला आवडला असता. माणूस हा शब्द तुला स्वतःसाठी जरा अपुरा वाटला असता.

तुझ्या पदव्या, तुझी शिबिरं, तुझे सत्कार, हे सगळं छापून झालं आहे. ज्यांना तू दारात उभं केलं नव्हतंस त्यांचीही नावं श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली होती. माझ्याकडे उरलं आहे ते जाहिरातीत बसणारं नाही.

आठवीत मी शाळेच्या कुंपणावरून पडलो आणि माझा हात मोडला. तू कंपासपेटीतली फूटपट्टी काढलीस, कुणाचा तरी रुमाल घेतलास आणि हात बांधलास. मी रडत होतो. "बोंबलू नको बे," तू म्हणालास, "मी काम करून राह्यलो ना." मग तो बांधलेला हात पोरांना दाखवत तू मला मैदानभर फिरवलंस. दवाखान्यात नेईपर्यंत कोपर भोपळ्यासारखं सुजलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी बांधलं? तू पुढे होऊन म्हणालास, "बांधलं मी. पण यानं हलवला."

तुझा पहिला पेशंट मी. आणि पेशंटची चूक हे तुझं पहिलं निदान. तो हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

तुझ्या त्याच हातांनी पुढे माझ्या आईचा खुबा बसवला. तिचं वय पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी नकार दिला होता. टेबलावर घेताना तू तिच्या कानाशी वाकून म्हणालास, "काकू, गजानन महाराजाले निरोप धाडा. थोडं थांबा म्हणा, चालत येते." ती चालत गेली. शेगावला दर्शनाच्या रांगेत स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि मागून ढकलणाऱ्या बाईशी भांडली सुद्धा. त्यानंतर जितकी वर्षं ती जगली तितकी वर्षं तिच्या लेखी या जिल्ह्यात डॉक्टर एकच होता. हे तुझं माझ्यावरचं ऋण आहे आणि पुढे जे लिहायचं आहे त्याने ते फिटत नाही.

आता गॉजबद्दल.

सुनंदा सिस्टर तुझ्याकडे हॉस्पिटल उघडल्यापासून होत्या. शस्त्रक्रियेत रक्त टिपायला गॉजचे, म्हणजे जाळीदार कापडाचे, जे तुकडे वापरतात, ते टाके घालण्याआधी मोजायचे असतात, आत एखादा राहू नये म्हणून. मोजायचं काम सिस्टरचं. त्या दिवशी मांडीची शस्त्रक्रिया होती आणि अकोल्याहून मोठे सर्जन तुझं काम पाहायला आले होते. तू सुई हातात घेतलीस आणि सुनंदा सिस्टर म्हणाल्या, "साहेब, थांबा. एक कमी आहे."

तू थांबलास. जखमेत पुन्हा शोधलंस. पाहुणे घड्याळ पाहत उभे. भूल देणारे डॉक्टर कुरकुरले. बराच वेळ गेला. शेवटी तो तुकडा सापडला तो त्याच भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या चपलेला, तळाशी चिकटलेला. पाहुणे हसले. तू हसला नाहीस. पेशंट बरा झाला, चालत घरी गेला. सुनंदा सिस्टरांना मात्र तू ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, काढून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलंस आणि पुष्कळ दिवस तिथेच ठेवलंस.

परत घेतलंस तेव्हा हॉस्पिटलला नियम झाला होता. ओटीत आणि राऊंडला, विचारलं तेवढंच बोलायचं. फिजिओने व्यायामाबद्दल, औषधवाल्याने औषधाबद्दल, सिस्टरने विचारलेल्या प्रश्नाबद्दल. एकाचा निरोप दुसऱ्याने डॉक्टरकडे आणायचा नाही. तुझा राऊंड तीन प्रश्नांचा होता. ताप? लघवी? ड्रेसिंग? तीन उत्तरं मिळाली की तू पुढच्या पलंगाशी. तुझ्या या वेगाचं कौतुक व्हायचं. नवी पोरं तुझी नक्कल करायची आणि ते कळलं की तू खूश व्हायचास.

तुझ्या गच्चीवर, संध्याकाळच्या चहाला, या एका गॉजवर आपण किती वर्षं भांडलो.

"ती चुकली," तू म्हणायचास.

"मोजायला चुकली?"

"मोजायले नाही. थांबवायले चुकली."

"आणि आत राहिला असता तर?"

"राह्यला नव्हता ना!"

इथे तुझं म्हणणं संपायचं. दर वेळी इथेच. मग तू ठेवणीतली म्हण काढायचास, "एका दमणीले दोन धुरकरी नसतात बे." म्हणजे एक बैलगाडी दोघांनी हाकायची नसते. एकदा मी म्हणालो, "धुरकरी एकच असू दे. पण मागे बसलेल्याने ओरडून सांगितलं की चाक निघालंय, तर तो बैल थांबवतो, की तुले विचारलं का म्हणतो?" तू खूप हसलास. माझ्या कपात पुन्हा चहा ओतलास. उत्तर दिलं नाहीस. ते अजून यायचं आहे.

दुसरं भांडण पाटीवरून. प्रशांत फिजिओथेरपिस्ट म्हणून तुझ्याकडे आला. मोताळ्याकडच्या खेड्यातला, घरातला पहिला शिकलेला. त्याच्या खोलीच्या दारावर पाटी लागली, नावाआधी 'डॉ.' लिहिलेली. तू ती पाहिलीस आणि पेंटरला बोलावलंस. त्याच दिवशी प्रशांतचे वडील पोराची पाटी पाहायला गावाहून आले होते. तुझ्या केबिनच्या काचेतून मला ते दिसत होतं. म्हातारा धोतराचा सोगा हातात धरून उभा आणि पेंटर पात्याने रंग खरवडतोय.

"काऊन खरवडून राह्यला बे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"साहेबानं सांगितलं."

प्रशांत मधे पडला. "रंग उडाला होता बाबा. नवीन लावून राह्यले." आणि वडिलांना चहाला घेऊन गेला.

मी तुला म्हणालो, हे उद्या करता आलं असतं. तू म्हणालास, "त्याच्या नावाआधी डॉक्टर लागला तर माह्या नावाआधी काय लावू?" तुला हा विनोद वाटला. तो प्रश्न होता. आयुष्यभर तुला तोच पडलेला होता. तू त्याला 'मालिशवाला' म्हणायचास, पेशंटांसमोर. तू बसवलेले खुबे आणि गुडघे नंतर चालते व्हायचे ते त्याच्या हाताखाली. 'डॉ.' खरवडलेली जागा पाटीवर अजून आहे, बाकीच्या पाटीपेक्षा फिकट. नवा रंग कधी लागला नाही.

हे लिहितो आहे तर हेही लिहायला हवं. सुनंदा सिस्टरांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा अँब्युलन्सची वाट न पाहता तू त्याला स्वतःच्या गाडीत घातलंस आणि स्वतः गाडी चालवत संभाजीनगरला नेलंस. तिथल्या डॉक्टरांशी भांडून जागा मिळवलीस. तो जगला आणि अजून आहे. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सिस्टर राऊंडला होत्या. तू विचारलंस, ताप? लघवी? ड्रेसिंग? नवरा कसा आहे हे विचारलं नाहीस. मला नंतर म्हणालास, "ड्युटीवर घरचं कशाले?" जीव वाचवणं तुला जमायचं. बोलू देणं जमत नव्हतं.

मग तू पडलास. रोहिणखेडजवळच्या तुझ्या शेतात, खोलीच्या पायऱ्या उतरताना. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. हाडाच्या डॉक्टरचं हाड. बुलढाण्यात आणेपर्यंत ही बातमी तुझ्या आधी पोचली होती, आणि दुखण्यापेक्षा तेच तुला जास्त लागलं. दुसरीकडे जायला तू नकार दिलास. शस्त्रक्रिया तुझ्याच ओटीत, कौस्तुभच्या हातून. कमरेखालचा भाग बधिर केलेला, तू पूर्ण जागा. नंतर तूच मला सांगितलंस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "माह्या मांडीत स्क्रू घालून राह्यले अन् मीच सांगून राह्यलो कुठं घालायचा! ड्रिलचा आवाज बदलला तसा म्हटलं, कौस्तुभ, हळू. हाड जुनं हाये, अन् बापाचं हाये."

ती शस्त्रक्रिया उत्तम झाली. सगळे तसं म्हणतात आणि ते खरं आहे. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन कौस्तुभने सांगितलं होतं. तू पहिल्याच दिवशी बंद करायला लावलंस, जखम ओली राहते म्हणून. कौस्तुभने बंद केलं. तोही याच हॉस्पिटलात वाढलेला.

आता ती दुपार.

आधी प्रशांत आला. घोटा हलवून घेता घेता त्याचा हात तुझ्या पोटरीवर थांबला. त्याने दाबून पाहिलं. तू पाय ओढून घेतलास.

"सर, पोटरी कडक लागते. गरम पण आहे."

"ऑपरेशन झालं हाये बे. थंड कशी लागन?"

"ऑपरेशन खुब्याचं झालं, सर. सूज पोटरीला आहे. एकदा सोनोग्राफी करून घेऊ. गुठळी असली तर..."

"इथं निदान कोण करते?"

प्रशांतचा हात पोटरीवरच होता.

"विचारून राह्यलो मी. निदान कोण करते?"

"तुम्ही, सर."

"अन् मालिश?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी, सर."

"मंग कर."

तू मला डोळा मारलास. प्रशांतने पोटरीला पुन्हा हात लावला नाही. चादर नीट केली आणि गेला. पोटरी चोळायची नाही, हे त्याला कळत होतं. तुलाही कळत होतं.

थोड्या वेळाने सुनंदा सिस्टर आल्या. तुझं मनगट धरून घड्याळाकडे पाहत राहिल्या. सोडलं. पुन्हा धरलं.

"साहेब, नाडी लई जोरात हाये."

"गॅस हाये."

"दम पण लागून राह्यला तुम्हाले. बोलता बोलता थांबता."

"सुनंदा, गॅस हाये म्हटलं ना."

"कौस्तुभ सरांले बोलावू का?"

"तुले विचारलं का?"

"नाही, साहेब."

"तो राऊंडले येईन, तो विचारीन. तो विचारीन तेवढं सांगजो. सोनोग्राफीसाठी मले स्ट्रेचरवर घालतील अन् बाजारातून नेतील. गावानं एकदा पाह्यलं, तेवढं बस झालं."

मी विचारलं, "मध्या, खरंच काही नाही ना?"

"तू तुह्या बातम्या पाय बे," तू म्हणालास, आणि हे छोटं वाक्यही तू दोन श्वासांत म्हणालास.

तुला कळलं नव्हतं यावर माझा विश्वास नाही. पोटरी, नाडी, दम. दुसऱ्या कुणाच्या पलंगाशी हे कुणी तुला सांगितलं असतं तर तू धावला असतास. त्या खोलीत दोन माणसांनी तुला तुझं मरण तुकड्यातुकड्याने आणून दिलं, आणि दोघांनाही तू त्यांची पायरी दाखवलीस. पेशंट कोण आहे हे तू विसरला होतास. पेशंटचं ऐकायचं नसतं, ही तुझी जुनी सवय. त्या दिवशी पेशंट तू होतास आणि सगळ्यांना तुझंच ऐकावं लागलं.

कौस्तुभ आला. मागे सुनंदा सिस्टर.

"ताप?"

"नाही, सर."

"लघवी?"

"ठीक आहे."

"ड्रेसिंग?"

"कोरडं आहे, सर."

"बाबा, कसं वाटतंय?"

"मले घरी सोड," तू म्हणालास. तो हसला. पलंगाच्या पायाशी तक्ता टांगलेला होता, त्यावर नाडी लिहिलेली असते. त्याने तो उलटला नाही. तूही कधी उलटत नसायचास. सिस्टर उभी असताना कागद कशाला, म्हणायचास. कौस्तुभ दाराकडे वळला तेव्हा सुनंदा सिस्टरांनी तुझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. तू मान हलवलीस, अगदी थोडी, जशी माशी उडवावी. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या त्याच्या मागून गेल्या.

सकाळी तू वॉकर घेऊन स्वतः उठलास. कुणाला हाक मारली नाहीस. दोन पावलं गेलास आणि पलंगावर आडवा पडलास. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. सकाळचं हे मी पाहिलेलं नाही, प्रशांतने सांगितलं. कौस्तुभ तुझ्या छातीवर दाब देत होता. सुनंदा सिस्टर न सांगता इंजेक्शनं भरून देत होत्या. औषधवाला जिना चढून पळत आला होता. प्रशांत पाय धरून होता. सगळे एकदम बोलत होते, एकमेकांना सांगत होते, थांबवत होते, एकमेकांचं ऐकत होते. "काका, या हॉस्पिटलात आम्ही सगळ्यांनी मिळून काम केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा," प्रशांत म्हणाला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पाहिलं ते त्याने सांगितलं.

तू तोवर गेला होतास.

शोकसभेला व्यासपीठावर मोठा फलक होता. तुझा फोटो आणि खाली, 'सर म्हणजे टीम'. वक्त्यांपैकी बहुतेकांनी हे वाक्य वापरलं. हार घालायला कर्मचाऱ्यांना एकेक करून बोलावलं. निवेदकाने पुकारलं, "आपले फिजिओथेरपिस्ट, श्री. प्रशांत." तो गेला, हार घातला, नमस्कार केला. सुनंदा सिस्टर सभेला नव्हत्या. त्यांना येऊ नका म्हणून निरोप गेला होता.

लेख मागायला कौस्तुभ आला त्या दिवशीच त्याने मला ते सांगितलं. सिस्टरांना त्याने कामावरून काढलं होतं. नर्सिंगच्या परिषदेकडे तक्रारही करायची होती, पुन्हा कुठे नोकरी लागू नये म्हणून.

"तिच्या बोटाखाली नाडी होती, काका. आणि ती गप्प राहिली. इतकी वर्षं बाबांनी सांभाळलं तिला."

मी विचारलं, "तू तिला नाडी विचारली होतीस?"

"तिनं सांगायला नको?"

"सांगायला हवं," मी म्हणालो. ते खरंच आहे.

मग मी सुनंदा सिस्टरांच्या घरी गेलो. त्या सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. नवरा खाटेवर. "भाऊ, चहा मांडते," म्हणाल्या. मी विचारलं ते त्यांनी सांगितलं आणि न विचारलेलं काही सांगितलं नाही. तेव्हा मला कळलं की तू हॉस्पिटलला नियम केला नव्हतास, माणसंच तशी करून ठेवली होतीस.

"मी त्या खुर्चीत होतो," मी म्हणालो. "तुम्ही साहेबांना सांगितलं ते मी ऐकलं. कौस्तुभला हे का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

"तरी?"

"काय सांगू, भाऊ? साहेब मेले तं साहेबावर ढकलून राह्यली, म्हणतील. अन् राऊंडले मी गप्प बसली हे खरंच हाये." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तोंड उघडलं होतं मी. साहेबांनी मान हलवली. त्या मानेवर माहा सारा संसार चालला. हे," खाटेकडे बोट करून, "हे त्यांच्यामुळं जित्ते हायेत. कशी बोलू?"

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "गॉज सापडला होता ना एकदा, तवा मले वाटलं, बरं झालं, आत नव्हता. साहेबांले राग आला तो याचाच, आत नव्हता म्हणून." आणि डोळे पुसून म्हणाल्या, "असता तं बरं झालं असतं का, भाऊ?"

ज्याला विचारायचं तो नव्हता. मध्या, आपल्या गच्चीवरच्या भांडणात इतक्या वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता.

हा लेख छापायला देण्याआधी मी कौस्तुभला वाचायला दिला. बातमीत ज्याच्यावर बोट आहे त्याचं म्हणणं घ्यायचं असतं. त्याने तो उभ्याने वाचला. मधे एकदा खाली बसला. मग म्हणाला, "काका, हे छापलं तर बाबांचं काय उरेल?"

"जिल्ह्यात चालणारी माणसं उरतील."

"आणि माझं?"

तो तुझा मुलगा आहे, मी त्याला कडेवर घेतलेलं आहे. सिस्टरवर रागावला नाही तर त्याला तुझ्यावर रागवावं लागेल, नाहीतर स्वतःवर. तीन प्रश्नांचा भाग तरी काढा, म्हणाला. मी काढलेला नाही. तक्रार मागे घेतो असं तो म्हणाला नाही. पाठवतो असंही म्हणाला नाही. कागद घडी करून परत दिले आणि राऊंडची वेळ झाली म्हणून गेला.

परवा जिना उतरताना गुडघा कुरकुरला आणि तुला फोन लावायला माझा हात खिशात गेला. काय म्हणाला असतास तेही ऐकू आलं. "म्हातारा झाला बे तू. येऊन जाय." ही तुझी तऱ्हा होती. कुणालाही नाही म्हणायचा नाहीस, आणि कुणाचं ऐकायचाही नाहीस. गच्चीवर आता कोणी जात नाही. दोन कपांपैकी एकाचा कान तुटलेला होता, तो तू नेहमी मला द्यायचास. तो मला हवा होता. मागितला नाही.

तेव्हा हे एवढंच नोंदवून ठेवतो. प्रशांतने सांगितलं होतं. सुनंदा सिस्टरांनी सांगितलं होतं. त्या वेळी खोलीत एकच डॉक्टर होता आणि दोघांनी त्यालाच सांगितलं. त्याने दोघांनाही गप्प केलं. मी खुर्चीत होतो, मी ऐकलं, आणि ही साक्ष जिथे लागेल तिथे मी देईन. परिषदेपुढेही देईन.

तू असतास तर उशीवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं असतंस आणि म्हणाला असतास, "तुले विचारलं का बे?"

नाही, मध्या. कुणीच विचारलं नाही.